पुतळाताईचं स्पेशल क्रीम

माझ्या पार्लरमध्ये बायका मनातलं सगळं ओकतात आणि मी दातात दोरा धरून ऐकते. आयब्रो करताना उत्तर देता येत नाही, हा एक फायदा. सारसोळ्यात गल्लीच्या तोंडाशी माझा गाळा आहे. मैत्री ब्युटी पार्लर, लेकीचं नाव. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी कुणाच्या बापाला घाबरले नाही. गाळामालकाने भाडं वाढवलं तेव्हा त्याला भर रस्त्यात असा झापला की महिनाभर तो या बाजूने गेला नाही.

त्या शनिवारी दुपारी श्रुती खुर्चीत बसली होती. आमच्या सोसायटीतली, बेलापूरला एका हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशिनवर काम करते. डोळे मिटून सहज म्हणाली, "ताई, आमच्याकडे एक बाई ॲडमिट झालीय. चाळिशीची. किडनी गेली. कशानं माहितीय? गोरं व्हायच्या क्रीमनं. त्यात पारा निघाला."

मी दोरा सोडला. "कसलं क्रीम?"

"बिनलेबलाचं. पांढऱ्या डबीतलं. विकणारीनं तिला बजावलं होतं म्हणे, लावताना सोनं काढून ठेव, पांढरं पडतं. अहो, पारा असतो म्हणूनच पडतं ना! बाईनं अंगठी जपली आणि किडनी घालवली." ती हसली. "ताई, एकच भुवई झालीय."

मी तिच्या दुसऱ्या भुवईला हातच लावला नाही. कारण हेच वाक्य मी स्वतः शंभर वेळा बोललेय. अंगठी काढ, मंगळसूत्र मागे टाक, मग लाव. पुतळाताईचं स्पेशल क्रीम, सारसोळे ते सीवूड्स सगळीकडे नाव. एक माणूस मोठा डबा आणून द्यायचा, मी त्यात गुलाबपाणी आणि चंदनाची पूड घालून डब्या भरायचे. दहा दिवसांत चेहरा उजळायचा. सोन्याला चालत नाही म्हणजे माल कडक असणार, एवढीच माझी अक्कल. चेहऱ्याला कसं चालतं, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही.

पण त्या घडीला मला गिऱ्हाइकं आठवली नाहीत. मला आमची यशू आठवली.

यशू म्हणजे यशोधरा, माझी नात. दोन वर्षांची. मैत्री आणि जावई, संघर्षराव, चार वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टला. गेले तीन आठवडे पोरगी आजारी होती. आधी नुसती किरकिर, मग घामाने कपडे भिजायचे, मग तळहात-तळपाय गुलाबी झाले आणि कातडी सोलायला लागली. घरभर पळणारी पोर चालायचीच बंद झाली. उभी केली की बसायची. डॉक्टरांना बीपी जास्त लागलं. दोन वर्षांच्या लेकराला बीपी! त्यांना संशय होता की किडनीच्या वर गाठ आहे. फोटोत नीट दिसत नव्हती, म्हणून सोमवारी भूल देऊन पोट उघडून बघणार होते.

"श्रुती," मी विचारलं, "पाऱ्यानं लहान पोरांना काय होतं गं?"

"त्या बाईच्या मुलालाही तपासलं आमच्या सरांनी. आईच्या कुशीत झोपायचं ना ते. हातपाय लाल, घाम, बीपी. चालेना म्हणे. आता पारा काढायचं औषध चालू केलंय. ताई? बसा बसा. पाणी देऊ?"

मी तिला एका भुवईवर घरी पाठवलं आणि शटर अर्धं ओढून मैत्रीला फोन लावला. घाईत दोनदा भलत्यालाच लागला.

ती हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये होती. आवाज पार बसलेला. "बोल आई."

"तू ते क्रीम लावतेस ना अजून?"

"आई, आत्ता काय क्रीम काढलंस?"

"मैत्री, पोरीला लावतेस?"

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मग हळूच म्हणाली, "गालांना. आंघोळीनंतर थोडंसं. तूच तर म्हणालीस."

म्हणाले होते. गेल्या वर्षी तीन महिने जाऊन राहिले तेव्हा लोणच्याच्या बरण्या आणि पापडांच्या मधे सहा डब्या लपवून नेल्या होत्या मी. नंतर जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर आणखी पाठवल्या. डबीवर माझ्या हाताने लिहायचे, टाचांचं क्रीम. का, तर आमच्या घरात या गोष्टीला बंदी. मैत्रीचे पप्पा म्हणजे बाबासाहेबांच्या विचारांचे कडक माणूस; रंगाबिंगाचं थोतांड माझ्या उंबऱ्याच्या आत नको, असं लग्नातच सांगितलेलं; पार्लरात मी काय विकते ते त्यांनी कधी विचारलं नाही. जावईही तसलेच. म्हणून हे आम्हा मायलेकींचं गुपित. कोवळेपणी लावलं की रंग धरतो, असं मीच तिला तिथल्या बाथरूममध्ये उभी राहून शिकवलं होतं. पहिलं बोट यशूच्या गालावर माझंच फिरलं.

मी तिला श्रुतीचं सगळं सांगितलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टरांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "घरात काही औषध, लेप, क्रीम? मी नाही म्हणाले. संघर्ष बाजूला उभा होता आई. कसं सांगणार?"

"आता सांग. पळत जा आणि सांग."

"वेडी झालीस का? इथं मुलं काढून घेतात! ह्या बाईनं स्वतःच्या हातानं पोरीला विष चोपडलं म्हणतील. यशूला नेतील गं. आई, मी आजपासून बंद करते. बंद केलं की उतरेल ना? तू कुणाला बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

आणि मी, पुतळा, जी सगळ्या गल्लीला उलट बोलते, ती म्हणाले, "बरं."

घरी आले तर हे पेपर वाचत बसलेले. द्रोणागिरीच्या गोदामातून रिटायर झाल्यापासून पेपर शेवटच्या टेंडरपर्यंत वाचतात. "यशूचं काही कळलं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. भात करपला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं तरी वाटायचं, कळलं यांना.

मनात मी वकिली करत होते. कदाचित पारा नसेल. श्रुतीला काय कळतं, मशिनवरची पोरगी ती. मी स्वतः लावतेच की, मला काय झालंय? आणि हात पुढे धरून बघितले तर हे असे कापत होते. गेलं वर्षभर कापतायत. दोरा सुटतो, गिऱ्हाइकं कुरकुरतात, आणि मी अशक्तपणाच्या गोळ्या खातेय. त्या हातांकडे बघून मला जी भीती वाटली ती शब्दांत सांगता येत नाही.

सांगावं तर लेक तुटणार, आणि न जाणो, खरंच पोर काढून घेतली तर? न सांगावं तर सोमवारी माझ्या नातीचं पोट चिरणार, नसलेली गाठ शोधायला. विष तसंच अंगात राहणार.

रविवारी सकाळी आम्ही विहारात गेलो. यशूसाठी यांनी खास वंदना ठेवली होती. सगळे हात जोडून पंचशील म्हणत होते. मुसावादा वेरमणी आलं, खोटं बोलणार नाही, आणि माझा आवाजच फुटेना. लहानपणापासून तोंडपाठ आहे मला ते. शेजारच्या बाया माझ्याकडे वळून बघायला लागल्या. हे मला धरून बाहेर पायरीवर घेऊन आले.

"पुतळा, काय झालंय? काल दुपारपासून बघतोय."

मी सगळं ओकले. डब्या, टाचांचं क्रीम, सोनं, श्रुती, यशूचे गाल, मैत्रीची शपथ. वाटलं आता हा माणूस ओरडणार, चारचौघांत माझी अब्रू काढणार. काढावीच असं वाटत होतं. ते ओरडले नाहीत. चप्पल हातात तशीच राहिली होती त्यांच्या.

"सांगितलं तर पोरगी वाचेल?"

"पारा असेल तर औषध आहे म्हणते श्रुती. पण डॉक्टरांना कळलं तरच."

"मग संघर्षला फोन लाव."

"अहो, मैत्री मला जन्मात माफ करणार नाही."

"नाही करणार," ते म्हणाले. "लाव."

तिकडे सकाळचे सात वाजले होते. संघर्षरावांनी पहिल्याच रिंगला उचलला. "आई, काय झालं? पप्पा बरे आहेत ना?" एवढ्या संकटात त्या पोराने आधी आमची विचारपूस केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"संघर्षराव, मधे बोलू नका. थांबले तर मला पुन्हा बोलता यायचं नाही. यशूला गाठ नाहीये. तिच्या अंगात पारा आहे, असं मला वाटतंय. मी दिलेल्या क्रीममधून. मैत्रीची चूक नाही, मी शिकवलं तिला. बाथरूममध्ये आरशामागच्या कप्प्यात टाचांचं क्रीम लिहिलेली डबी आहे. ती घ्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या. उघड्या हाताने उघडू नका."

मी कान दुखेस्तोवर फोन दाबून धरला होता.

"यशूला लावायचात तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हो."

"ठेवतो, आई."

तो दिवस कसा गेला ते माझं मला ठाऊक. घरात बसवेना, म्हणून आम्ही दोघं डब्या गोळा करायला निघालो. ज्या ज्या घरी मी दिली होती त्या त्या घरी. दारात उभं राहून मी म्हणायचे, "ते परत दे, त्यात विष आहे, डॉक्टरकडे जाऊन ये." कुणी दार तोंडावर आपटलं, कुणी रडलं. एका कोळणीने तर दिवाळे गावच्या मासळी बाजारात सगळ्यांसमोर मला आईवरून शिव्या घातल्या, आणि मी खाली मान घालून उभी राहिले. ह्यांनी पिशवी धरली होती. फोन वाजला की दोघं दचकायचो. एकदा बँकेचा होता, एकदा गॅसवाल्याचा. जीव नुसता टांगणीला.

सोमवारी रात्री संघर्षरावांचा फोन आला. आवाज कोरडा, कागद वाचल्यासारखा. लघवीत पारा सापडला होता, भरपूर. डबीतही सापडला. ऑपरेशन रद्द. पारा बाहेर काढायचं औषध सुरू केलंय, महिने लागतील. पुन्हा चालेल असं डॉक्टर म्हणतात. बालकल्याणाची बाई घरी येऊन चौकशी करून जाणार आहे, पण यशू आईजवळच राहील. मैत्रीच्याही अंगात आहे. तुम्हीही तपासून घ्या.

"मैत्रीला देता का जरा?"

"ती नाही बोलणार, आई."

मी फरशीवर बसून मोठ्याने रडले. वाचली, वाचली, एवढंच तोंडात. हेही भिंतीकडे तोंड करून रडत होते.

नऊ दिवस लेकीने फोन उचलला नाही. दहाव्या दिवशी तिचाच व्हिडिओ कॉल आला. मांडीवर यशू, दंडाला पट्टी, पण हातात बिस्किट आणि ते चोखण्यात दंग. मैत्रीच्या चेहऱ्यावर क्रीम सुटल्यामुळे डाग उठले होते. लपवायला काही लावलं नव्हतं तिने.

"शिव्या घाल मला," मी म्हटलं, "पण बोल बाई. शपथ मोडली तुझी. मोडणारच होते."

"त्याचा राग नाही. तू सांगितलंस म्हणून ही आहे."

मला वाटलं, सुटले. जिभेला हाड नाही माझ्या. मी म्हणाले, "मैत्री, मी तुझ्या भल्यासाठीच केलं गं सगळं. लोक तुला काळी म्हणायचे, ते मला ऐकवायचं नाही."

"कोण लोक?"

"शाळेत. शेजारी."

"शाळेत मला कुणी म्हटलं नाही आई. शेजारी पण नाही. आठवून आठवून बघितलं मी इथं हॉस्पिटलात बसून." ती यशूचे केस मागे सारत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. "यशू झाली तेव्हा मी दीड दिवस कळा देत होते. तिला माझ्या छातीवर ठेवलं आणि संघर्षनं तुला व्हिडिओ कॉल लावून दिला. तू पहिलं काय विचारलंस?"

"बरी आहेस का, हेच विचारलं असेन."

"रंग कुणावर गेलाय, विचारलंस."

मी आठवायला गेले. तो फोन आठवला, तिचा घामाने ओला चेहरा आठवला, मी पेढे वाटले तेही आठवलं. हे नाही आठवलं.

"मला खरंच आठवत नाही गं," मी म्हणाले.

"मला आठवतं," मैत्री म्हणाली, आणि यशूच्या औषधाची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.