माझ्या पोटावरची रेघ

मित्रांनो, मी एक अर्धी बाटली आहे. हिरव्या काचेची, बुडाकडची अर्धी. अर्धी कशी झाले, तेच आज सांगायचे आहे. गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. बाटलीचे काम पोटात ठेवण्याचे, बोलून दाखवण्याचे नव्हे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा साच्यात पडला, आत हवा फुंकली गेली आणि मी झाले. मागेपुढे माझ्यासारख्याच हजारो बहिणी होत्या, त्यामुळे कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. माझ्यात वाइन भरली, तोंडात बूच बसले, अंगावर सोनेरी काठाचे लेबल आले. एका घरी पाहुणे जमले तेव्हा मी टेबलाच्या मधोमध उभी होते. सर्वांनी माझे लेबल वाचून माना डोलावल्या. तासाभरात मी रिकामी झाले आणि कचऱ्याच्या डब्यामागे जाऊन पडले. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण मी तिथे शिकले.

तिथून मला ताईंनी उचलले.

ताई पूर्वी एका वाचनालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करत. त्यांना काही टाकून देणे जमतच नसे. त्यांचा धाकटा भाऊ जन्मभर खिडक्यांना काचा बसवत आला होता. सगळे या भावाला काचवाले काका म्हणत. ताई मात्र त्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला ‘छोट्या’ अशी हाक मारत. बंद पडलेल्या काचेच्या दुकानामागे दोन खोल्यांत ही भावंडे राहत आणि जुन्या बाटल्या, उसवलेले स्वेटर, सुटी बटणे, पुठ्ठे यांच्यातून लोकांसाठी भेटवस्तू करत.

कामाची वाटणी ठरलेली होती. काका बाटल्या कापत, ताई बाटल्यांना लोकर गुंडाळत. बाटली कशी कापतात ते तुम्हाला ठाऊक आहे का? ती आडवी ठेवायची, पोटावर पोलादी चाकी टेकवायची आणि बाटली सावकाश एकदाच फिरवायची. कर्रर्र असा बारीक आवाज होतो आणि केसासारखी रेघ उमटते. मग रेघेवर गरम पाणी, लगेच गार पाणी, पुन्हा गरम. टक् असा आवाज येतो आणि एका बाटलीच्या दोन होतात. खालच्या भागाचा पेला होतो, वरच्याचे नरसाळे.

रेघ मारलेली बाटली दिसायला धडधाकट असते. म्हणून काकांचा नियम होता. रेघ मारली की भिंतीवर खडूची एक खूण करायची आणि बाटलीच्या गळ्यात लाल धागा बांधायचा. लाल धागा असलेली बाटली ताई कधी हातात घेत नसत.

त्या हिवाळ्यात काका विसरू लागले होते. किल्ल्या कुठे, चष्मा कुठे. एकदा रिकामी किटली शेगडीवर ठेवून ते वर्तमानपत्र वाचत बसले. किटली काळी पडली तेव्हा ताई म्हणाल्या, “घरात विसरलास तर मी आहे. काचेत विसरलास तर कोण आहे? एकदा जरी चुकलास ना, ती चाकी माझ्या पेटीत जाईल.”

“चाळीस वर्षांत माझी रेघ चुकली नाही.”

“रेघ नाही रे चुकणार. तू चुकशील.”

काका हसले, पण चाकी त्यांनी खिशात घट्ट धरली. ती गेली तर दिवसभर करायचे काय, हे त्यांना माहीत नव्हते.

माझी पाळी आली ती एका सकाळी. काकांनी मला आडवे केले, चाकी टेकवली आणि माझ्या पोटावर सुरेख रेघ ओढली. भिंतीवर खूण केली. धाग्याच्या रिळाकडे हात नेला, तोच आतून हाक आली, “छोट्या, दूध!” काका धावले. जाताना त्यांनी मला हाताशी असलेल्या पेटीत उभे केले. ती पेटी ताईंची होती, लोकर गुंडाळायच्या अखंड बाटल्यांची. दूध उतू गेले होते, शेगडी पुसण्यात अर्धा तास गेला, दोघांची थोडी खडाजंगीही झाली. काका परत आले ते थेट पुढची बाटली हातात घेऊन.

दुपारी ताईंनी मला उचलले. त्यांच्या बोटांवर वाळलेल्या गोंदाची सालटी चढलेली असत. रेघ त्यांच्या बोटांखालून गेली, पण त्यांना कळली नाही. त्यांनी मला गोंद लावला आणि तपकिरी लोकर गुंडाळायला घेतली.

“अगं, हा माझा स्वेटर!” काका ओरडले.

“होता. दोन्ही कोपरं बाहेर, पोट बाहेर. आत काय होतं तुझं? गळा?”

संध्याकाळपर्यंत मी अंगभर लोकर ल्याले. वर तीन बटणेही बसली. माझ्याइतकी सुंदर वस्तू त्या खोलीत दुसरी नव्हती, असे ताईच म्हणाल्या. मित्रांनो, स्तुती ऐकायला कुणाला आवडत नाही? पण त्या लोकरीखाली मला सारखे काहीतरी ओढल्यासारखे वाटत होते. मन थाऱ्यावर नव्हते.

ताईंनी मला शिवणबाईंना भेट म्हणून दिले. शिवणबाई समोरच्या इमारतीत एकट्या राहत आणि शिवणावर पोट भरत. थंडीत त्यांची बोटे आखडत. सकाळी सुई धरता येत नसे. ताई म्हणाल्या, “हिच्यात कोमट पाणी भरायचं आणि मांडीवर घेऊन हात शेकायचे. उकळतं ओतू नका हं.”

“कळलं हो. मी काय हिच्यात चहा करणार आहे?”

रोज सकाळी शिवणबाई मला भरत, मांडीवर घेत आणि दोन्ही हातांनी कवटाळत. हळूहळू त्यांची बोटे एकेक करून सुटत. मग त्या सुईत दोरा ओवत आणि मला म्हणत, “झालं गं बाई, लागले हात कामाला.” कुणाच्या कामी येणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. आणि त्याच वेळी भीतीने माझा जीव वरखाली होत असे. पाणी आत आले की रेघेपाशी बारीक टिक् व्हायचे. थंडी वाढत होती, तसे पाणीही रोज थोडे अधिक गरम होत होते. ओरडून सांगावेसे वाटे. पण बाटलीला तोंड असले तरी आवाज नसतो.

तिकडे काकांच्या घरी काय झाले ते मला मागाहून समजले. आठवड्याच्या शेवटी काका बाटल्या कापायला बसले. भिंतीवर खुणा अकरा, लाल धाग्याच्या बाटल्या दहा. त्यांनी खाटेखाली पाहिले, पेट्या उपसल्या. मग त्यांना उतू गेलेले दूध आठवले, आपला स्वेटर आठवला, आणि तो गुंडाळून कोणती बाटली कुठे गेली तेही.

नंतर त्यांनी उठून एक खूण अंगठ्याने पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शिवणबाईंच्या दारात उभे राहिले. “तावदानाभोवती भरलेली लांबी बघायला आलो. थंडीत आकसते.”

“दोन महिन्यांपूर्वीच तर बसवलंत तुम्ही तावदान!”

काकांनी खिडकीच्या कडेने काचेभोवतीच्या लांबीवर, त्या वाळलेल्या लगद्यावर, उगाच बोट फिरवले. मग मला उचलले आणि लोकरीवरून अंगठा दाबत फिरवला. जाड लोकरीतून त्यांना काय लागणार?

“ही जरा नेऊ का? वीण सैल वाटते.”

“हात लावू नका! ही गेली तर माझे हात गेले. ताईंना सांगा, अशी भेट मला उभ्या जन्मात कुणी दिली नव्हती. सांगाल ना?”

“सांगतो,” काका म्हणाले. त्यांनी मला खाली ठेवले. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, काका, आता तरी बोला! ते जिना उतरून निघून गेले. इतक्या हळू पायांनी उतरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकी आतून धुरकटली होती. शिवणबाईंची बोटे चिमट्यासारखी मिटली होती. तिन्हीसांजेच्या आत एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता. त्यांनी किटली शेगडीवर ठेवली आणि पाणी खळखळेपर्यंत उतरवली नाही. “आज कडकच हवं गं,” त्या मला म्हणाल्या. दोन्ही मनगटांत किटली धरून त्या माझ्याकडे वळल्या.

तेवढ्यात दार धडाधडा वाजले. काका आत आले. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात ताईंची.

“ओतू नका!”

“अहो, झालं काय? ताई बऱ्या आहेत ना?”

“ताई बरी आहे. ही बाटली... हिला रेघ मारलेली आहे. मी मारलीय. धागा बांधायला विसरलो. उकळतं पाणी पडलं तर तुमच्या मांडीवर फुटेल ती.”

शिवणबाईंनी किटली परत शेगडीवर ठेवली. मग आपले आखडलेले हात काखेत घातले आणि विचारले, “काल तुम्हाला हे माहीत होतं?”

“होतं.”

“आणि लांबी बघत होतात.”

काकांनी मान खाली घातली. लोकर काढायला त्यांनी जवळची कात्री उचलली, तर बाई कडाडल्या, “ती कापडाची आहे! लोकरीला लावाल तर खबरदार!” मग काकांनी नखांनी गाठ सोडवली आणि मला उसवले. रेघ उघडी पडली. तिच्यातून दोन बोटे लांब चीर खाली उतरली होती. ती काकांनी ओढलेली नव्हती. शिवणबाईंनी वाकड्या बोटाने तिला स्पर्श केला.

“ताईंना मी काही कळू देणार नाही,” मग त्या म्हणाल्या. “हातातून पडली म्हणून सांगेन.”

मित्रांनो, मला वाटले, काका सुटले. त्यांनाही क्षणभर तसेच वाटले असावे, कारण त्यांनी एक मोठा श्वास घेतला. पण मग ते म्हणाले, “नको. घेऊन जातो. मीच सांगतो.”

ताईंनी सगळे ऐकून घेतले. मग त्या भिंतीकडे गेल्या आणि खडूच्या पुसट डागावर बोट ठेवून म्हणाल्या, “ही खूण तू पुसलीस?”

“हो.”

“धागा विसरलास, ते वय झालं म्हणून. हे पुसलंस, ते कशामुळे?”

ताईंनी तळहात पुढे केला. काकांनी खिशातली चाकी काढून त्यावर ठेवली. कुणी आवाज चढवला नाही, म्हणून ते पाहणे मला अधिक जड गेले.

मग दोघांनी मिळून माझे राहिलेले काम पुरे केले. ताईंनी मला धरले, काकांनी पाणी ओतले. गरम, गार, गरम. टक्! तीन बाजूंनी मी रेघेवर नीट तुटले. चौथ्या बाजूला, चिरेपाशी, काच वाकडी गेली. काकांनी दोन दिवस ओल्या पॉलिश पेपरने माझी कड घासली, तरी ती तिथे थोडी उतरती राहिली आहे.

आता मी शिवणबाईंच्या खिडकीत असते. माझ्यात बटणे असतात. हात शेकायला ताईंनी त्यांना वाळू भरलेली कापडी पिशवी करून दिली. ती त्यांना आवडते, माझ्याइतकी नाही, असे त्या म्हणतात. मला बरे वाटावे म्हणूनही म्हणत असतील. माझ्या वरच्या भागातून ताई तेल गाळतात. चाकी ताईंच्या पेटीत असते. सकाळी काका ती मागतात, ताई देतात, आणि काम संपले की परत घेतात. मागताना काकांची मान अजून जराशी खाली असते. काकांना पूर्वीसारखे हसताना मी अजून पाहिलेले नाही. ते हसतील की नाही, मला सांगता येत नाही.

म्हणून एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तू टाकू नका, हे तर आहेच. कुणीतरी त्यांचे काहीतरी करते. पण तुमच्या हातून कुठे अशी रेघ ओढली गेली असेल, कुणाच्या वस्तूवर, कुणाच्या कामात, आणि ती वर लोकर असल्यामुळे कुणाला दिसत नसेल, तर ज्याच्या हातात ती वस्तू आहे त्याला जाऊन सांगा. लाज वाटेल. आता फार उशीर झाला, असेही वाटेल. तरी जा. जमेल तशी चप्पल घाला आणि जा. किटली अजून शेगडीवर असेल.