मधला नळ

सत्त्याऐंशी साल. भांडुपच्या डोंगराखालच्या आमच्या पाड्यावर विजेचे खांब आले नाहीत. नंदकुमार साहेब आले. कुठल्याशा कॉलेजातले. देवळामागं त्यांनी दोन पिंपं मांडली, एकात पिवळं पाणी, एकात जांभळं. मधे पंपाची पेटी, छपरावर उन्हाच्या काचा.

"दिवसा हे पाणी वीज पितं, रात्री परत देतं," साहेब म्हणाले.

एवढ्या थाटातून देवळात बल्ब पेटला तो एक. आमच्या भाऊराव पुढाऱ्यानं हार मात्र दोन आणले. एक साहेबांना, एक स्वतःला.

तरी शकु त्या बल्बला रोज हात जोडायची. बाजाराच्या मेथीच्या जुड्या ती पहाटे त्याखाली बांधायची. त्याआधी अंधारात विळ्यानं बोट कापून घेतलेलं.

सप्ताहाच्या शेवटच्या कीर्तनाला साहेबांचे पाहुणे येणार होते. "कीर्तनभर दिवा टिकला, तर पिंपं इथंच राहतील," साहेब म्हणाले. भाऊरावानं शकुच्या नवऱ्याला, धाकूला, राखणीला बसवलं.

धाकूचा जन्म भातखाचरांत पाणी सारखं करण्यात गेलेला. एक पिंप वीतभर उतरलेलं दिसलं, नि त्याला राहवेना. दोन्ही पिंपांना जोडणारा मधला नळ त्यानं उघडला. पाणी सारखं झालं. धाकूनं समाधानानं विडी पेटवली.

संध्याकाळी बुवांचा पूर्वरंग झाला, गजर झाला. बुवांनी कथेला हात घातला आणि बल्ब लालसर होत होत गेला. बुवा थांबले नाहीत. देवाच्या कथेला दिवा लागत नाही. पाहुण्यांना लागतो, ते चपला चाचपू लागले.

"नळ कुणी उघडला?" साहेब देवळामागून ओरडले.

"म्या. एक खाचर भरल्यालं, एक उतरल्यालं. बघवंना."

"अरे, दोन पाणी मिसळली की वीज संपते!"

"पाड्याचं नाक कापलंस, धाक्या," भाऊराव म्हणाला.

शकु पुढं झाली. "सायेब, पिंपं कायमची गेली का?"

"नाही. नळ बंद करून उन्हावर पुन्हा भरली की पहिल्यासारखी."

"मंग ऱ्हाऊ द्या की."

साहेबांनी चष्मा पुसला. "उद्या ती प्रदर्शनाला जायचीत. टेंपो ठरलाय."

"कवा ठरला?"

"झाले... आठ दिवस."

"म्हंजी दिवा टिकला असता तरी?"

साहेब पुन्हा चष्मा पुसू लागले. भाऊराव कळसाकडं बघत राहिला. त्याला ठाऊक होतं.

"मंग आमच्या ह्यांनी बरंच केलं," शकु म्हणाली. "न्हायतर फुकाच्या टाळ्या वाजवल्या असत्या आमी."

पहाटे टेंपो आला. शकु देवळात जुड्या बांधत होती, धाकू शेजारी बसलेला.

"धाकू, जरा हात लाव रे," साहेबांनी हाक मारली. धाकू उठू लागला.

शकुनं मान वर केली नाही. "ह्यांच्या हातात कंदील हाय."