समर्थच्या हातची आगारी

वड्यांचा शेवटचा घाणा तेलातून काढून कडूबाईनं पदरानं कपाळ पुसलं. थोरला मुलगा गेल्यावर वर्षभरानं तिनं त्याच्या विधवेचं, राजेश्रीचं, लग्न धाकट्या महारुद्रशी लावून दिलं, तेव्हा फायदा तिनं नीट जोखला होता. सून माहेरी जाणार नव्हती. नातू सुनेच्या मागं जाणार नव्हता. महारुद्रसाठी मुलगी शोधत वालूर-सेलूचे उंबरे झिजवायचे वाचले, हा वरचा नफा. एवढं सगळं घरात ठेवायचं, तर दोन-तीन शब्द घराबाहेर काढणं भाग होतं. ‘वहिनी’ आणि ‘भावजी’ तिनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बंद केले. बोबडं बोलणाऱ्या समर्थला गुळाचा खडा दाखवत ‘काका’च्या जागी ‘पप्पा’ शिकवलं.

पोरगं गुळावर शिकलं. मोठ्यांना काही जमेना. गेलेल्या शब्दांच्या जागी महारुद्रला आणि राजेश्रीला दुसरे सापडलेच नाहीत. काही सांगायचं झालं तर दोघंही समर्थच्या मार्फत सांगत. अगदीच समोरासमोर बोलावं लागलं, तर महारुद्र बायकोला अजूनही ‘तुमी’ म्हणे.

“अरं, बायकू हाय ती तुजी, का शाळंतली मास्तरीन?” शेजारची कुसुमबाई कढी ढवळत म्हणाली. “पोटुशी ऱ्हायली, तरी तुमी-आमीच चालू हाय ह्यांचं!”

राजेश्रीनं पदर पोटावर ओढून घेतला. महारुद्र गोवऱ्यांचे निखारे फुंकत राहिला.

आज थोरल्याचं, चंद्रभानचं, पित्र होतं. शेतातल्या मोटारीचा शॉक लागून तो गेला, तेव्हा समर्थ नुकता पाऊल टाकायला लागला होता. फोटो वर्षभर पेटीत असायचा, या दिवशी तेवढा पाटावर यायचा. जेवणाचा पहिला घास त्याच्यापुढं निखाऱ्यावर टाकायचा. ही आगारी आजवर महारुद्रच टाकत आला होता, आणि समर्थला तेवढ्या वेळापुरतं कुसुमबाईच्या अंगणात खेळायला धाडलं जायचं. आज वड्यांच्या वासानं पोरगं तिच्या मागोमाग परत आलं होतं.

भावकीतले दिनकरराव पितर म्हणून जेवायला आले होते. हातपाय धुऊन ते पाटावर टेकले.

“आवंदा आगारी पोराच्या हातानं टाका. कळतं झालंय की ते आता. लेक असताना भावानं कामून टाकावी?”

“ल्हान हाय ओ ते. भाजंल,” कडूबाई म्हणाली.

“म्या धरतो हात,” महारुद्र म्हणाला. एवढं तो आईपुढं सहसा बोलत नसे.

समर्थ उड्या मारत आला. महारुद्रनं त्याच्या तळव्यावर वडा आणि खिरीचा घास ठेवला. टाकायच्या आधी पोरानं फोटोकडं निरखून पाहिलं.

“पप्पा, हे कोण हायत?”

महारुद्रनं राजेश्रीकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण तिनं हळूच मान हलवली. हो म्हणून. तो गुडघ्यावर बसला, पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाळा, हे तुजे...”

कडूबाईची नजर सुनेच्या पोटावर गेली. उद्या दोन लेकरं एका ताटात जेवणार. एकानं पप्पा म्हणायचं आणि दुसऱ्यानं काका?

“मोठे काका,” ती म्हणाली. “तुजे मोठे काका हायत ते. टाक घास.”

कुसुमबाईचा डाव कढीत थांबला. दिनकररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चंद्रभानच्या नावानं जेवायला बसलेले ते, पण त्याच्या वतीनं बोलणं त्यांच्याकडून झालं नाही.

“जेवा, मोठे काका,” समर्थ म्हणाला.

घास निखाऱ्यावर चरचरला. धूर राजेश्रीकडं गेला, आणि तिला डोळे पुसायला निमित्त मिळालं. महारुद्रनं पोराचा हात सोडला नाही. घास टाकून झाला, तरी तो धरूनच बसला.

कडूबाईनं ताट वाढायला घेतलं.

“बस झालं, कडूबाई,” दिनकरराव पानावर हात आडवा धरत म्हणाले. “किती वाढायल्या?”

“तुमाला कुठं? त्याला वाढायले मी.”

त्यांनी हात काढून घेतला.

सून घरात राहिली होती, नातू राहिला होता, येणाऱ्या लेकराला आयता सख्खा भाऊ मिळाला होता. ज्याच्या लेकावर हे सगळं भागलं, तो पाटावरच्या फोटोत हसत होता. आणि तो लेक ज्या आईनं त्याच्याकडून काढून धाकट्याला दिला, ती त्याच्या नावच्या पानावर आणखी एक वडा ठेवत होती.