जगाच्या पोरांसाठी चिखल

"हात लावू नकोस म्हणून सांगितलं ना?" नवरा खेकसला आणि पोरीने हात मागे घेतला.

जेवायच्या टेबलावर त्याची बाग मांडलेली होती. पुठ्ठ्यावर स्पंजची झाडं, मातीचं टेकाड, पाण्याचा पाट आणि एक आडवा ओंडका. जुन्या झाडीच्या बागेत मुलांना खेळायला जागा करायची होती. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. झाडं, माती, दगड, पाणी यांतच खेळायचं. आराखडा नवऱ्याचा. त्याच्यापायी आम्ही मायलेकी ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

आमच्या भिंगरीने (लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून पडलेलं नाव) पिठाच्या गोळ्याची बाहुली करून ओंडक्यावर बसवली होती.

"ही मी," ती म्हणाली.

त्याने बाहुली चिमटीत धरून उचलली. "माप चुकतं, बाळा. माणसं एवढी मोठी दाखवत नाहीत."

माझं डोकं सणकलं. पण सकाळची घाई होती, राग गिळून टाकला.

संध्याकाळी स्वारी खुशीत आली. "साहेबांना पटलं. म्हटलं, मुलं पडली पाहिजेत, चिखलात लोळली पाहिजेत. त्याशिवाय धीट कशी होणार?" एवढ्यात भिंगरी शाळेतून आली. मोज्यांना चिखल.

"दारातच थांब," तो म्हणाला. "घरभर करशील. आणि खेळताना कळत नाही का, कुठे जातोय आपण?"

"आत्ता काय बोलत होतास?" मी विचारलं.

"ते वेगळं. तिथे सगळा विचार केलेला असतो."

काय बोलायचं या माणसापुढे? मी दवाखान्यात दिवसभर लोकांच्या पोरांचे फुटलेले गुडघे बांधते. आमच्या पोरीच्या गुडघ्यावर साधा ओरखडा नाही, आणि हे तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. सायकल नको, पडशील. झाडावर नको, मुंग्या चावतील. मीही दमून आलेली असायची. कटकट नको म्हणून गप्प बसायची. त्याचा राग येतो तसा माझाही येतो.

बाग तयार झाली, तेव्हा उद्घाटनाला त्याने तिला पांढरा फ्रॉक घालायला लावला. "फोटो निघतील. बाकावर बस, कपडे सांभाळ."

साहेबांनी फीत कापली आणि पोरं सुटली. कोणी टेकाडावरून गडगडत आलं, कोणी पाटात बसकण मारली. ओंडक्यावर तर पाय ठेवायला जागा उरली नाही. नवरा माइकवर सांगत होता, "मातीशी नातं तुटलेल्या मुलांसाठी..." आणि आमची पोर बाकावर, घडी घालून ठेवल्यासारखी.

माझा संताप अनावर झाला. मी सरळ तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळ्यांदेखत तिचे बूट-मोजे काढले. नवरा बोलता बोलता डोळ्यांनी खुणावत होता. खुशाल खुणाव, म्हटलं.

"जा," मी तिला म्हणाले. "लोळ हवं तेवढं. फ्रॉक फाटला तरी चालेल. मी आहे."

तिने ओंडक्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"आई, इथे माती आहे."

"अगं, म्हणूनच तर."

टाळ्या वाजल्या. त्याचं भाषण संपलं होतं. भिंगरीने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती आणि अनवाणी पाय उचलून अधांतरी ठेवले होते. पाय थरथरायला लागले, तरी तिने ते खाली टेकवले नाहीत.