कोपऱ्यापर्यंत

गुरुदत्तअण्णांना एकट्याने घराबाहेर पडून महिना झाला होता. साताऱ्याला पहाटे फिरायला जायचं आणि येताना लोकांच्या कुंपणावरची फुलं देवासाठी तोडून आणायची, हा त्यांचा जन्माचा नेम. अमेरिकेत ट्रॉयला मुलीकडे, नीलाकडे, आल्यावरही त्यांनी तेच केलं. शेजारणीचे लाल ट्यूलिप देवापुढे शोभले खरे, पण मागोमाग दारात पोलीस उभा! तेव्हापासून नीलाचं फर्मान होतं, एकट्याने बाहेर जायचं नाही.

रविवारी दुपारी नीलाच्या ओळखीचे रवी आणि सीमा इंग्लंडच्या ट्रिपच्या स्लाइड्स घेऊन आले. पडदे ओढले. प्रोजेक्टर खटखटला आणि भिंतीवर एक गाव उमटलं. दगडी पूल, चर्चचा जुना मनोरा, शेतातून गेलेली पायवाट. वाटेवर काठी टेकत एक म्हातारा चालला होता.

"त्याच्याबरोबर कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

"कोणी नाही, काका," रवी म्हणाला. "तिथे लोक वॉक घ्यायलाच येतात. शेतातून खुशाल जा, फाटक तेवढं लावून घ्यायचं."

"मागे घे रे जरा. पुन्हा दाखव."

म्हातारा परत आला. वाटेच्या कडेला पिवळी फुलं डवरली होती.

"अण्णा तिथे गेले तर गाव बोडकं करून येतील!" नीला म्हणाली. सगळे हसले. अण्णाही हसले. पाहुण्यांसमोर रुसायचं कसं?

चहा झाला. पाहुणे उठले तशी अण्णांनी काठी उचलली.

"अण्णा, कुठे?"

"पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून येतो."

नीला दारातून बाजूला झाली. पाहुण्याला उंबऱ्यावरून निरोप देऊ नये, हे तिला अण्णांनीच शिकवलेलं.

पाहुण्यांची गाडी भुर्रकन निघून गेली. अण्णा मात्र चालत राहिले. शेजारणीच्या खिडकीतला पडदा हलला. अण्णांनी काठी काखेत मारली, दोन्ही हात पाठीशी बांधले आणि ट्यूलिपच्या वाफ्याकडे मान न वळवता पुढे झाले.

कोपरा आला. छातीत हवा भरून ते वळले, एवढ्यात मागून गाडी हळूहळू शेजारी आली. नीलाने काच खाली केली.

"बसा अण्णा. फिरायचंच असेल तर मी फिरवून आणते."

"पायी?"

"इथे फुटपाथ तरी आहे का? बसा, प्लीज. लोक बघतायत."

अण्णा बसले. काठी पायाशी मावेना, म्हणून नीलाने ती मागच्या सीटवर आडवी टाकली आणि वाकून त्यांचा पट्टा लावला.