लोणी अजून आलेलं नाही

मी सहावं रीळ बोलतोय. 'पाहुण्यांत एक खुनी' या सिनेमाचं सहावं आणि शेवटचं. खून कोणी केला हे माझ्या पोटात होतं, त्यामुळे जन्मापासून माझी मान जरा ताठच. पहिली पाच रिळं माझ्या लेखी नुसती प्रस्तावना होती. खरं काय ते मीच सांगायचं, असा माझा पक्का समज होता.

माझा जन्म १९३६ सालचा, हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओच्या संकलनाच्या खोलीत. मला हॅटी सोरेनसनने घडवलं. हातात पांढरे मोजे, केसांत खोचलेली पेन्सिल, गळ्यात फिल्मचे दोन-चार तुकडे लोंबत असलेले. आम्ही झटकन पेट घेणारी जात, म्हणून त्या खोलीत सिगारेटला सक्त बंदी. हॅटी दिवसभर ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या चघळायची आणि आमच्याशी बोलायची. "तू गप्प बस," असं ती मला सारखी म्हणे, कारण मीच तेवढा यंत्रावर करकरायचो.

सिनेमा साधा होता. एका बंगल्यात सहा पाहुणे, वरच्या कुलूपबंद खोलीत यजमानाचं प्रेत, आणि तपासाला आलेले गुप्तहेर नवरा-बायको. या दोघांना खुनापेक्षा एकमेकांची चेष्टा करण्यातच जास्त रस. पाचव्या रिळात सगळे जेवायला बसतात. बायको म्हणते, "कोणी लोणी देता का?" पण लोण्याच्या भांड्याला हात लावायला कोणी तयार नाही. न जाणो, गुप्तहेर बोटांचे ठसे घेत असला तर! मग ते भांडं टेबलभर फिरतं. कोणी काट्याने ढकलतं, कोणी रुमालाने, एक जाडी बाई चक्क कोपराने. आठ मिनिटं भांडं फिरतं आणि त्या बिचारीच्या पावापर्यंत लोणी काही पोचत नाही.

हॅटीने या आठ मिनिटांसाठी तीन आठवडे घालवले होते. माझ्यासाठी चार दिवस. मला ते फार लागलं होतं, आता कबूल करायला हरकत नाही.

स्टुडिओचे मोठे साहेब कॉर्नेलियस बॅग्ली एकदा खोलीत आले, त्यांनी पाचवं रीळ पाहिलं आणि टोपी टेबलावर आपटली.

"घरात मुडदा पडलाय आणि ही माणसं लोणी फिरवतायत? काढा तो प्रसंग."

"साहेब, सिनेमाचा जीव आहे तो," हॅटी म्हणाली.

"जीव खुनात असतो, बाई. लोक खुनी शोधायला पैसे मोजतात."

"एकदा लोकांना दाखवून बघा. ते म्हणाले काढा, तर मी माझ्या हाताने काढीन."

बॅग्लीसाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "ठीक आहे. शनिवारी पोमोनाला दाखवू. पण लोक जांभया देताना दिसले तर तो प्रसंग केराच्या टोपलीत, आणि सोमवारपासून तुम्ही घरी."

पोमोना म्हणजे संत्र्यांच्या बागांचं गाव. सिनेमा पुरा होण्याआधी स्टुडिओवाले तो अशा गावात आधी नेत. लोकांच्या हातात एक कार्ड आणि बोटभर पेन्सिल देत, आणि त्या कार्डांवर आमचं नशीब ठरे. वरच्या साहेबांना कोणी काही बोलू शकत नसे, पण पोमोनाच्या बायका बिनधास्त लिहीत.

शनिवारी दुपारी हॅटीला पाचव्या रिळातला एक जोड कच्चा वाटला. तिने त्याला डब्यातून काढलं, मलाही काढलं, दोघांना टेबलावर शेजारी ठेवलं. जोड घट्ट केला. बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता. तिने घाईघाईने आम्हाला डब्यांत टाकलं, पाचव्याला माझ्या डब्यात आणि मला पाचव्याच्या डब्यात. मी ओरडलो असतो, पण मला कायम गप्प बसायला सांगितलेलं!

पोमोनाचा यंत्रचालक ऑर्व्हिल टेगमायर तीस वर्षं हेच काम करत होता. त्याने डब्यावरचे आकडे पाहिले आणि त्या क्रमाने आम्हाला लावलं. यंत्रचालक डबा वाचतो, रीळ वाचत नाही.

चौथं रीळ संपलं, पाहुणे जेवायला निघाले, आणि पडद्यावर मी आलो. गुप्तहेराने पाहुण्यांतल्या दंतवैद्याच्या खिशातून कुलूपबंद खोलीची किल्ली काढली, दंतवैद्याने सगळं कबूल केलं, खून करून तो किल्ली खिशात घालतो तेही दिसलं, मग पोलीस त्याला घेऊन गेले. शेवटी बायको म्हणाली, "आता तरी कोणी लोणी देता का?" पडद्यावरची माणसं खो खो हसली. थिएटरात एकही माणूस हसला नाही. कसलं लोणी? कुठलं लोणी? नऊ मिनिटांत माझी सगळी ऐट उतरली.

हॅटी मागच्या रांगेतून उठून केव्हाच जिन्याकडे धावली होती. पण आगीच्या भीतीने यंत्राच्या खोलीला लोखंडी दार, आणि आतल्या खडखडाटात ऑर्व्हिलला तिच्या दारावरच्या थापांचा पत्ताच नाही. 'समाप्त' ही अक्षरं आली. लोक टोप्या शोधू लागले. आणि तीस वर्षांच्या सवयीने ऑर्व्हिलने दुसऱ्या यंत्रावर लावून ठेवलेलं पुढचं रीळ चालू केलं.

पडद्यावर जेवणाचं टेबल. आत्ताच बेड्या पडलेला दंतवैद्य छान कपडे करून बसलेला, मानेखाली रुमाल खोचतोय.

मग पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली, "अगं बाई, हा जेवायला परत आला!"

त्यानंतर जे हसू फुटलं ते थांबेचना. दंतवैद्याने सुरी उचलली की हशा. त्याने शेजारणीला विचारलं, "दात दुखतोय का?" की हशा. आणि लोण्याचं भांडं फिरायला लागल्यावर तर माणसं खुर्च्यांच्या दांड्या धरून हसत होती. मधेच कोणाला तरी माझं शेवटचं वाक्य आठवलं आणि तो ओरडला, "ते लोणी हे होय!" माझ्या वाट्याचं हसू मला आठ-दहा मिनिटं उशिरा मिळालं. मी तेव्हा डब्यात परत गुंडाळला जात होतो, पण ऐकलं मी.

नंतर फुटपाथवर दिव्याखाली बॅग्लीसाहेब कार्डं वाचत उभे राहिले. ऑर्व्हिल पांढराफटक होऊन खाली आला होता.

"हा गाढवपणा कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

ऑर्व्हिलने तोंड उघडलं, पण हॅटी मधे आली. "माझा. डबे मी अदलाबदल केले. ह्यांनी आकडे बरोबर वाचले."

साहेब एकेक कार्ड वाचत गेले. आवडलेला प्रसंग: जेवण. आवडलेला प्रसंग: लोणी. एका बाईने लिहिलं होतं, 'माझा नवरा दर वेळी खुनी आधी ओळखून माझा जीव खातो. आज सगळ्यांनाच माहीत होता, त्यामुळे तो गप्प बसला. आभारी आहे.'

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "म्हणजे आता असंच उलटं दाखवायचं का?"

"नाही साहेब. सरळच. फक्त सहाव्यातला एक तुकडा चौथ्यात टाकते. दंतवैद्य किल्ली खिशात घालतो तो. म्हणजे लोकांना ठाऊक, आणि टेबलावरच्यांना नाही."

"आणि मग शेवटी राहिलं काय?"

"लोणी," हॅटी म्हणाली.

साहेबांनी कार्डं खिशात घातली आणि गाडीचं दार उघडलं. "सोमवारी नऊला या. उशीर नको."

अशा रीतीने ज्या गुपितावर मी फुगलो होतो ते हॅटीने कात्रीने माझ्या पोटातून काढून घेतलं. तिच्यावर रागावलो होतो मी, खूप दिवस. पण सिनेमा चालला, आणि नुसता चालला नाही तर धावला. वर्तमानपत्रवाल्यांनी लिहिलं की खुनी अर्ध्यावर कळतो आणि तरी कोणी खुर्ची सोडत नाही. हॉटेलांत लोक वेटरला म्हणू लागले, "आता तरी कोणी लोणी देता का?" माझं वाक्य होतं ते! पण ते वाजायचं पाचव्याच्या जिवावर, हे मला हळूहळू कळलं. थिएटरांत दर वेळी तो माझ्या आधी जायचा, लोकांना तयार करून ठेवायचा, आणि मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढायचो.

मग युद्ध आलं, टीव्ही आला, आम्ही गोदामांत गेलो. आमच्यासारख्या रिळांना काळजी घेणारं कोणी नसलं की आम्ही पिवळे पडतो, चिकटतो, शेवटी भुकटी होतो. पहिली चार रिळं तशीच गेली. पाचवा मात्र कोणाच्या तरी गाडीतून कुठेतरी गेला, एवढंच मला माहीत. त्याची भुकटी झाली, असं मी म्हणत नाही.

मला एका फिल्मसंग्रहालयाच्या थंड खोलीत जागा मिळाली. तिथल्या प्रिसिला ओचोआ या मुलीने मला जपून साफ केलं, आणि १९९१ साली एका दुपारी पाहुण्यांसमोर लावलं. पंधरा-वीस माणसं. दंतवैद्य पकडला गेला, सगळे शांतपणे बघत होते. बायको म्हणाली, "आता तरी कोणी लोणी देता का?" पडद्यावर सगळे हसले. खोलीत कोणीही हसलं नाही. अगदी पोमोनासारखं.

आणि मग शेवटच्या रांगेतून एक म्हातारं हसू आलं. एकटंच, पण पोटातून. पंच्याऐंशी वर्षांची हॅटी चाकाच्या खुर्चीत बसली होती.

"आजी, तुम्ही कशाला हसलात?" प्रिसिलाने विचारलं.

"अगं पोरी, तुला लोण्याचं माहीतच नाही!" हॅटी म्हणाली, आणि तिने चष्म्याचं घर टेबलावर ठेवून ते पेन्सिलीच्या काट्याने, रुमालाने, कोपराने सरकवून दाखवलं. आठ मिनिटं, एकही जागा न चुकता. शेवटी सगळी खोली हसत होती. मी डब्यात होतो, आणि माझा जुना राग कुठल्या कुठे गेला.

हॅटीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती नसताना मला लावतात तेव्हा त्या वाक्यावर खोली गप्प राहते. प्रिसिला जेवढं जमेल तेवढं सांगते, पण तिने ते टेबल पाहिलेलं नाही.

म्हणून वाचकहो, तुमच्या आजोबांच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये, गोठ्यात एखादा गंजका गोल डबा असेल तर टाकू नका. वरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आतलं रीळ वाचा. आणि पाचव्या, तू ऐकत असलास तर तुला सांगतो. मी आधी जाऊन उभा आहे, लोक गप्प बसले आहेत. पोमोनात तू माझ्या मागून आलास, तसाच ये. उशीर झाला तरी चालेल.