दफनभूमीतली ओळ

ओपलताईच्या नवऱ्याची कबर डोंगरमाथ्यावर आहे, आणि शेजारी तिच्या आठ दिवसांच्या बाळाची. दोन्हींवर ओढ्यातले दगड रोवलेले, अक्षर एकही नाही. आमच्याकडे पूर्वी तसंच करत. खाण कंपनीने परवान्याच्या अर्जात लिहिलं की माथ्यावर वापरातली दफनभूमी नाही. सरकारी माणूस शनिवारी खात्री करायला येणार होता. त्यालाही ती दिसली नाही, तर माथा सुरुंगाने उडणार आणि सगळा ढिगारा खालच्या दरीत जाणार.

त्याच शनिवारी ओपलताईच्या भाचीने, लव्हर्नने, शाळेच्या मैदानावर खाणीविरुद्ध गाण्याबजावण्याचा मेळा ठरवला होता. बँजो होते, फिडल होती, डोंगराची चित्रं शिवलेल्या गोधड्या होत्या. फक्त आमचे उपदेशक डेन्विलभाऊ यायला तयार नव्हते.

"स्टेजवर उभं राहून मी देवाचं गाणं म्हणू? आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या?" ओपलताईच्या ओसरीवर बसून ते म्हणाले.

"मग बँजोशिवाय म्हणा," लव्हर्न म्हणाली.

"स्टेज राहिलंच की, पोरी."

ओपलताई शेंगांच्या शिरा काढत होती. तिने मानही वर केली नाही. "मेळाच वर न्या. गेलेल्यांच्या स्मरणाची सभा दर वर्षी तिथेच व्हायची. या भाऊंचे गुडघे दुखायला लागले आणि गेली सहा वर्षं ती बंद आहे. आता कंपनी म्हणते वापरात नाही. खोटं कसं म्हणू?"

डेन्विलभाऊ हळूच म्हणाले, "बंद मीच केली."

"मग सुरूही तुम्हीच करा. वर चढवायला माझ्या पुतण्याची पिकअप आहे. तोंड वाकडं करत बसा मागे."

आणि शनिवारी तसेच बसून ते आले. वाद्यं सगळ्यांनी कुंपणाबाहेर ठेवली; आमच्या उपासनेत माणसाच्या गळ्याशिवाय काही चालत नाही. आपापल्या माणसांच्या कबरींच्या पायथ्याशी उभं राहायची आमची रीत, तसे आम्ही उभे राहिलो. डेन्विलभाऊंनी डोळे मिटून एकट्याने ओळ दिली. ती ओळ मागून सगळ्यांनी घ्यायची, संथ, लांबवत. पण मेळ्यातल्या मंडळींनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नकोत," डेन्विलभाऊ डोळे न उघडता म्हणाले. "दिलेलं घ्या."

त्यांनी ओळ पुन्हा दिली. या वेळी घेतली सगळ्यांनी, जरा वेडीवाकडी, पण घेतली. चाळीस वर्षं मी हे ऐकते आहे, तरी मीही सूर लावला. गाता गाताच लोक एकमेकांचे हात हातात घेत फिरले, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या सरकारी माणसाचाही हात हातात घ्यायचं कुणी सोडलं नाही.

गाणं संपून सगळे आपापल्या जागी परतल्यावर तो म्हणाला, "दगडांवर नावं नाहीत. कुठली कबर कुणाची, मी लिहू कसं?"

"पायथ्याशी कोण उभं आहे त्याला विचारा की," ओपलताई म्हणाली.

तो विचारत गेला आणि लिहीत गेला. एका दगडापाशी कुणीच नव्हतं. ती कबर कॉर्डीलिया म्हातारीची. तिची माणसं कामाधंद्यासाठी ओहायोला गेली ती तिकडचीच झाली. मी जाऊन तिथे उभी राहिले आणि तिचं नाव सांगितलं.

शेवटी तो ओपलताईपाशी आला.

"हा ओटिस, माझा नवरा. आणि हा आमचा मुलगा."

"मुलाचं नाव?"

"ठेवायच्या आधीच गेला."

त्याने 'ओटिसचा मुलगा' असं लिहून कागद तिला दाखवला. तिने बोट फिरवत वाचलं आणि मान डोलावली.

"दफनभूमी आणि तिच्याभोवतीची शंभर फूट जागा नकाशात येईल," तो म्हणाला.

"आणि उरलेला डोंगर?" लव्हर्नने विचारलं.

"त्याची सुनावणी मंगळवारी आहे. तिथे या सगळे."

डेन्विलभाऊंनी प्रवचन सुरू केलं होतं. आधी साधं बोलणं, मग श्वासागणिक सूर धरत चाललेलं. ओपलताई दोन दगडांच्या डाव्या बाजूला गवतावर बसली आणि सरकारी माणसाच्या पँटला तिने हलकेच ओढलं.

"ही जागा माझी. तेवढं लिहा."

"जिवंत माणसाचं लिहिता येत नाही, आजी."

"बरं. मग मोकळी दाखवा," ती म्हणाली, आणि प्रवचनाकडे वळली.